पूर्वसूचना

ठोंबरेसाहेब साडी घेऊन आले तेव्हा मी मशीनवर ब्लाउज शिवत बसले होते. साडी फिकट राखाडी रंगाची होती, काठ बारीक. पिशवी खाटेवर ठेवून ते म्हणाले, "वहिनी, उद्या ही नेसा. पेपरवाले येतील. गडद रंग बरा दिसत नाही."

मी साडी उलगडून पाहिली, परत घडी घातली. चहा विचारला. ते नको म्हणाले. सकाळी लवकर गाडी येईल, तयार राहा, सासूबाईंना सोबत आणायची गरज नाही, उगाच त्यांना त्रास, असं सांगून निघून गेले.

ज्या मशीनवर मी बसले होते तेही त्यांच्या संघटनेनंच दिलेलं. वऱ्हाड कर्जवसुली व्यावसायिक संघ, असं तिचं नाव. बँका आणि फायनान्सवाले त्यांची थकलेली कर्जं एजन्सीकडे सोपवतात आणि एजन्सीची माणसं ती वसूल करायला दारोदार फिरतात. अशा सगळ्या एजन्सीवाल्यांचा हा संघ आणि ठोंबरेसाहेब त्याचे अध्यक्ष. त्यांची स्वतःचीही अकोल्यात एजन्सी होती. माझे यजमान देवानंद खंडारे त्यांच्याकडेच कामाला होते. हप्ते थकलेल्या गाड्या उचलून आणायच्या, हे त्यांचं काम.

त्या वर्षी फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, शिवणीत प्रल्हाद बोचरे नावाच्या टेम्पोवाल्याच्या दारात त्यांच्या डोक्यात टॉमी बसली. चाकाचे नट खोलायची ती लोखंडी दांडी. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. बोचरे पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तिथंच बसून होता म्हणे.

नंतरचं सगळं संघानं केलं. अंत्यविधीचा खर्च, आमच्या मुलीची, स्नेहलची शाळेची फी, हे मशीन. कंपनीकडून विम्याचे पैसे मिळवून दिले. संघ आधीपासूनच अशी कामं करायचा, रक्तदान शिबिरं, अनाथाश्रमात दिवाळीचा फराळ, म्हाताऱ्यांची डोळ्यांची तपासणी. लोक वसुलीवाल्यांना वाईट समजतात, तेव्हा आपण चार चांगली कामं केली पाहिजेत, असं ठोंबरेसाहेब म्हणायचे आणि ते नुसतं बोलत नव्हते. मी त्यांचं अन्न खाल्लं आहे, हे इथंच सांगून टाकते. त्यांच्याबद्दल मला वाकडं बोलायचं नाही.

या वेळी संघानं एक रुग्णवाहिका घेतली होती आणि तिच्यावर माझ्या यजमानांचं नाव घातलं होतं. नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू होतं. तिथं मंत्र्यांच्या हस्ते गाडीचं लोकार्पण करायचं आणि त्याच वेळी संघाच्या मागण्यांचं निवेदन द्यायचं, असं ठरलं होतं. मला दोन्हीकडे उभं राहायचं होतं.

साहेब गेल्यावर थोड्या वेळानं फाटक वाजलं. मला वाटलं, सासूबाई विहारातून परत आल्या. पाहते तर मंदा बोचरे.

तिला मी ओळखत होते. कोर्टाच्या व्हरांड्यात ती दोन्ही मुलींना घेऊन भिंतीकडेला बसलेली असायची. सासूबाई तिच्याकडे पाहून थुंकायच्या. आता ती एकटीच होती. फाटकाच्या आत आली, पण ओट्यावर चढली नाही.

"ताई, थोडं ऐकून घ्या," ती म्हणाली. "मग हाकलून द्या."

 ती अंगणातच उभी राहून सांगायला लागली.

त्या रविवारी ती दारापुढं झाडत होती. प्रल्हाद रात्रभर गाडी चालवून पहाटे खामगावहून आला होता आणि आत झोपला होता. आमचे हे आले ते पायी. मोटारसायकल त्यांनी कोपऱ्यावर ठेवली होती, कुणाला दिसू नये म्हणून. याआधी दोनदा ते हप्त्यासाठी तिच्या दारी आले होते. प्रल्हादला कावीळ झालेली, घरात बसून काढलेले महिने, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी त्यांनी पैशाचं नावच काढलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "बाई, उद्या पहाटे गाडी उचलायला येणार आहेत. आज दिवस मावळायच्या आत ती इथून हलवा. नातेवाइकाकडे कुठं तरी लावा. तेवढ्यात मी ऑफिसात बोलून पाहतो. फक्त माझं नाव कुठं घेऊ नका."

मंदाचा भाऊ वाशीमला होता. त्याला फोन करायला ती घरामागं गेली, घरात रेंज येत नव्हती. हे टेम्पोजवळ उभे राहिले, भाऊ काय म्हणतो ते ऐकायला. तेवढ्यात प्रल्हादला जाग आली. दारातून त्यानं पाहिलं, वसुलीवाला गाडीला टेकून उभा आहे. टॉमी दाराशीच पडलेली होती.

"मी परत आले तोपर्यंत झालं होतं सगळं," मंदा म्हणाली.

मी ओट्यावर खाली बसले. यांचा रविवार मला आठवत होता. कधी कधी सकाळी ते असेच निघून जायचे. ऑफिसची बॅग नाही, गळ्यातलं कार्ड नाही. कुठं म्हणून विचारलं तर म्हणायचे, जरा पाय मोकळे करून येतो. मला वाटायचं, मित्रांकडे पत्ते खेळायला जातात. त्यावरून मी भांडलेसुद्धा होते.

"हे तू पोलिसांना सांगितलं का?"

तिनं मान हलवली. सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही, प्रल्हादलाही नाही. गाडी वाचवायला आलेल्या माणसाला आपण मारलं, हे कळलं तर तो तुरुंगातच जिवाचं काही तरी करून घेईल, अशी तिला भीती होती. घर वाचवण्यासाठी हात उचलला, एवढ्या एका समजुतीवर तो जेवत होता, झोपत होता. आणि आता वकील म्हणत होता की तिनं साक्ष द्यावी. देवानंद खंडारे सुट्टीच्या दिवशी जबरदस्तीनं गाडी न्यायला आला, त्यानं शिवीगाळ केली, तिला ढकललं, असं तिनं सांगावं. मग भांडणाच्या भरात घडलं असं होईल आणि शिक्षा कमी लागेल. नाही तर जन्मठेप.

"मी वकिलाला हो म्हटलं," ती म्हणाली. "अन् घरी आले तर घास गिळवेना. आमच्यासाठी आलेल्या माणसाला मी असं बोलू? मेलेल्या माणसाला?"

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"तुम्ही सांगाल तसं करते. तुम्ही नाही म्हणाल तर खरं ते सांगते. मग त्यांचं जे व्हायचं ते होऊ द्या."

मला तिचा फार राग आला. दहा महिने मी रडून रडून कशीबशी उभी राहिले होते आणि ही बाई माझ्या अंगणात येऊन तिच्या नवऱ्याचा जीव माझ्या ओटीत टाकत होती. मी तिला जा म्हटलं. ती गेली. फाटक नीट लावून गेली.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही.

सकाळी रुग्णवाहिका दारात आली. पांढरी नवीकोरी गाडी, बाजूला लाल अक्षरांत 'स्व. देवानंद खंडारे स्मृती रुग्णवाहिका'. आम्हा बौद्धांत 'कालकथित' लिहितात, पण रंगवणाऱ्याला कोण सांगणार. सासूबाईंनी अक्षरांवरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नव्हतं. यातलं देवानंद कोणतं, एवढं त्यांनी मला विचारलं आणि मी दाखवलं.

ड्रायव्हरच्या शेजारी ठोंबरेसाहेब बसले. मी मागं, पेशंटच्या खाटेजवळच्या बाकड्यावर. संघाची बाकीची माणसं दुसऱ्या गाडीतून. वाटेत साहेबांनी मागं वळून दोन-तीनदा सांगितलं की घाबरायचं नाही. मंत्री विचारतील, काही म्हणायचं आहे का. तर एवढंच म्हणायचं, माझा नवरा ड्युटीवर असताना मारला गेला, आमच्या माणसांना संरक्षण द्या. जास्त बोलायची गरज नाही.

मी हो म्हटलं.

सिव्हिल लाइन्समध्ये मंत्र्यांच्या बंगल्यावर ही गर्दी. अंगणवाडीच्या बाया, होमगार्ड, कुठल्याशा बंद गिरणीचे कामगार, सगळे हातात कागद घेऊन उभे. आम्हीही उभे राहिलो. उन्हं चढली तेव्हा आतून बोलावणं आलं. आधी बाहेर पोर्चमध्ये गाडीचा कार्यक्रम झाला. नारळ फोडला, फीत कापली, एका धर्मादाय दवाखान्याच्या डॉक्टरांना किल्ली दिली. फोटोवाल्यानं मला पुढं घेतलं. मंत्र्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "फार वाईट झालं, ताई." ते मनापासून म्हणाले असावेत. सकाळपासून किती जणांना तसं म्हणाले असतील कुणास ठाऊक.

मग आत हॉलमध्ये बसलो. आणखी दोन आमदार होते, मंत्र्यांचे सचिव होते, भिंतीशी चार-पाच पेपरवाले. ठोंबरेसाहेब उभे राहून निवेदन वाचू लागले. ते चांगलं वाचत. वसुली करणाऱ्या माणसांवर हल्ले होतात, त्यांना ना विमा ना पेन्शन, लोक त्यांना गुंड म्हणतात, त्यांच्या मुलांना शाळेत चिडवतात. खोटं काहीच नव्हतं. स्नेहलला चिडवलेलं मला माहीत होतं. हल्ला करणाऱ्याला जामीन मिळू नये, जप्तीच्या वेळी पोलीस सोबत द्यावेत, अशा मागण्या त्यांनी वाचल्या. मी मान खाली घालून ऐकत होते.

नंतरची मागणी वेगळी होती. सरकार एक नवीन कायदा आणायच्या विचारात होतं. त्यात एक अट होती की कुणाची गाडी किंवा वस्तू उचलायची असेल तर त्याला काही दिवस आधी कळवावं लागेल. संघाचं म्हणणं होतं, ही अट काढून टाका.

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "अशा पूर्वसूचनेमुळे कर्जदार सावध होतो, वाहन लपवतो आणि आमच्या कर्मचाऱ्यावर दबा धरून हल्ला करतो. कै. देवानंद खंडारे यांचा बळी अशाच प्रकारे गेलेला आहे."

मी वर पाहिलं. साहेब कागदाकडेच पाहत होते.

वाचून झालं. मंत्र्यांनी निवेदन घेतलं, सचिवाकडे दिलं. विचार करू, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी उभी राहिले. राखाडी साडीचा पदर सारखा घसरत होता. जे पाठ केलं होतं ते तोंडाशी होतं. खरं काय ते सांगावं असंही वाटत होतं, पण भिंतीशी पेपरवाले वही उघडून बसले होते. मी बोलले असते तर उद्या छापून आलं असतं आणि परवा ते तुरुंगात पोचलं असतं.

"आधी सांगायला पाहिजे," मी म्हटलं.

मंत्र्यांना कळलं नाही. "काय, ताई?"

"कुणाची गाडी न्यायची असेल तर त्याला आधी सांगायला पाहिजे. पोटाचं साधन असतं ते. न सांगता नेऊ नये."

 एक आमदार ठोंबरेसाहेबांकडे पाहायला लागले. साहेबांचा चेहरा उतरला होता. मी खाली बसले. मग सचिवानं हळूच मंत्र्यांना घड्याळ दाखवलं आणि मंत्री उठता उठता म्हणाले, "बाई अजून धक्क्यात आहेत, त्यांची काळजी घ्या." पुढची मंडळी आत यायला लागली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं ते असं, की पतीच्या आठवणीनं पत्नीला अश्रू अनावर झाले आणि तिनं कठोर कायद्याची मागणी केली. मी रडले नव्हते.

परतताना साहेब पुढं बसले नाहीत. मागं माझ्या समोर, रिकाम्या खाटेच्या पलीकडे बसले. संघाची बाकीची माणसं माझ्याशी एक शब्दही न बोलता त्यांच्या गाडीत बसून गेली होती. कोंढाळीला ड्रायव्हर चहासाठी उतरला. आम्ही दोघं गाडीतच राहिलो.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला तोवर तशी शंकासुद्धा आली नव्हती.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "तुम्हाला काय माहीत आहे ते."

साहेब बाहेर पाहत सांगू लागले.  शनिवारी संध्याकाळी देवानंद त्यांच्या केबिनमध्ये आला होता. बोचऱ्याला थोडी मुदत द्या म्हणाला. माणूस आजारातून उठला आहे, गाडी परत चालू केली आहे, आता उचलली तर कुटुंब बसेल. साहेबांनी नाही म्हटलं. फायनान्सवाल्यांनी त्या महिन्याचा आकडा ठरवून दिला होता, एजन्सीचं काम जायची वेळ आली होती. देवानंदनं वाद घातला नाही. बरं म्हणाला आणि उठला.

"तो उठला तेव्हाच मला समजलं की हा जाऊन सांगणार," साहेब म्हणाले. "याआधीही त्यानं सांगितलं होतं, दोघा-चौघांना. गाड्या ऐन वेळी गायब व्हायच्या. मी ओळखलं होतं. बोललो नाही कधी. मनात म्हणायचो, करतो आहे तर करू दे."

"मग आज कागदात ते काय लिहिलं?"

"वहिनी, तो ड्युटीवर नव्हता असं मी लिहिलं असतं तर विमा मिळाला नसता. एकदा ड्युटीवर म्हटलं की मग पुढचं सगळं तसंच लिहावं लागतं."  मग म्हणाले, "माझ्याकडे त्याच्यासारखी पुष्कळ पोरं आहेत. कुणाचं डोकं फुटतं, कुणावर कुत्री सोडतात. त्यांच्यासाठी काही तरी पदरात पडावं म्हणून धडपडतो आहे. बाकीचे मेंबर म्हणाले, पूर्वसूचनेचंही घाला, देवानंदचं नाव जोडलं तर वजन येईल. मी नको म्हणायला पाहिजे होतं."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ते रडले असं म्हणता येणार नाही. रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला.

"शनिवारी हो म्हटलं असतं तर," एवढंच ते म्हणाले.

माझा त्यांच्यावरचा राग तिथंच संपला. राग धरायला समोर कुणीतरी लागतं आणि तो माणूस तर माझ्याइतकाच खचून गेला होता. मंदाच्या येण्याबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. ते तिचं होतं.

खटला पुढच्या महिन्यात चालला. ज्या दिवशी मंदाची साक्ष होती त्या दिवशी सासूबाई हट्टानं सोबत आल्या. आम्ही मागच्या बाकावर बसलो. प्रल्हाद आरोपीच्या पिंजऱ्यात होता, मान खाली. केस पिकले होते त्याचे. मंदा साक्षीला उभी राहिली, शपथ घेतली आणि वकिलानं पहिला प्रश्न विचारला तेव्हा तिनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.

ती थांबली होती. वकिलानं प्रश्न परत विचारला. तरी ती माझ्याकडेच पाहत राहिली.

तिच्या मुली दाराजवळ बसल्या होत्या, धाकटी थोरलीच्या मांडीवर. यांनी त्या दोघींना पाहिलं असेल, मला वाटलं. त्यांच्यासाठीच तर ते त्या दिवशी कोपऱ्यावर गाडी लावून पायी गेले असतील. आता मी नाही म्हटलं तर त्यांचं जाणंच फुकट.

मी मान हलवली. हो म्हणून.

मंदानं साक्ष दिली. माझ्या नवऱ्यानं तिला काय काय शिव्या दिल्या, ते तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. तोंडातून शिवी निघत नव्हती तिच्या, वकिलानं ती बोलून घेतली. ढकललं म्हणाली. गाडीची किल्ली हिसकली म्हणाली. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"खोटं बोलते हे," त्या म्हणाल्या. "मायं लेकरू असं नव्हतं. ऊठ नं बाई, सांग त्याईले."

मी उठले नाही. त्यांनी हात सोडला आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं.

निकालात सदोष मनुष्यवध धरला, सात वर्षं. पेपरांनी वसुलीवाल्यांच्या दादागिरीवर लिहिलं, यांचा फोटो छापून. निकाल वाचून झाल्यावर घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं. मंदाचं येणं, यांचं सांगायला जाणं, माझं मान हलवणं. त्या ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मले पयले काऊन नाही सांगतलं?"  सांगितलं असतं तर त्या कोर्टात उभ्या राहून ओरडल्या असत्या, आणि एका आईनं ओरडायलाच हवं होतं.

संघाची पंचाईत झाली. ज्याच्या नावानं कायदा मागत होते, तोच आता गुंड ठरला होता. तो कायदा त्या अधिवेशनात आला नाही, नंतर त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. ठोंबरेसाहेब स्वतः येऊन सांगून गेले की रुग्णवाहिकेवरचं नाव काढायचं कार्यकारिणीनं ठरवलं आहे, मी एकटा विरोधात होतो. मी म्हटलं, काढा. वर्षभरानं त्यांनी अध्यक्षपद सोडलं, पुढं एजन्सीही बंद केली. स्नेहलची फी मात्र ते वारले त्या वर्षापर्यंत येत होती, संघाच्या नव्हे, त्यांच्या खिशातून.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा तीच गाडी आली. बाजूला नवा पांढरा रंग मारला होता आणि उन्हात त्याखालची लाल अक्षरं पुसट दिसत होती. सासूबाईंना स्ट्रेचरवर उचललं तेव्हा त्यांनी एक हात गाडीकडे केला. त्यांना बोलता येत नव्हतं. तेव्हाही यातलं देवानंद कोणतं, ते मी त्यांना दाखवलं. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

आता मी एकटीच असते. स्नेहल नर्सिंग करून पुण्याला लागली आहे. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी दारात कुणी तरी उभं दिसलं. उंच, वाकलेला माणूस, हातात टोपी. मी ओळखलं. सुटून त्याला बरीच वर्षं झाली होती. शिवणी सोडून ते वाशीमला गेल्याचं कानावर होतं.

त्याला आत घ्यावं की नाही, हे मी ठरवण्याआधीच तो ओट्याच्या पायरीवर खाली बसला होता.

"मंदा कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. थोरलीचं लग्न झालं. तिला सांगून नाही आलो." मग तो म्हणाला, "वहिनी, कोर्टात ती बोलली ते खरं नव्हतं."

"मला माहीत आहे."

त्यानं चमकून वर पाहिलं. मी म्हटलं, तिनंच सांगितलं होतं, साक्षीच्या आधी. मला विचारूनच बोलली ती.

 टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मलाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"ती घरामागं होती, तिला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तिला वाटतं मला काही कळलं नाही. ती माझ्यासाठी एवढं खोटं बोलली, मग मी कसं म्हणू की मला ठाऊक आहे? पोरी लहान होत्या. गप्प राहिलो. पण तुमचं तुमच्यापाशी पोचवायचं राहून गेलं होतं. आता माझीही तब्येत बरी नसते."

"काय पोचवायचं?"

"ते लगेच नाही गेले. खाली पडले तेव्हा शुद्धीवर होते. मी वाकलो. मला वाटलं, शिवी देतील." त्यानं टोपी पायरीवर ठेवली. "माझा हात धरला त्यांनी. म्हणाले, प्रल्हादभाऊ, गाडी आजच हलवा. उद्या येणार आहेत."

समोरच्या घरात कुणी तरी नळ सोडला होता. मी खाली त्याच्या बाजूला, त्याच पायरीवर बसले.

"परत सांगा," मी म्हटलं.

त्यानं परत सांगितलं.